ग्रीनलंडविषयीची बातमी कशी वाचावी

ग्रीनलंडचे नाव गेल्या काही वर्षांत सतत मथळ्यांत येते, पण ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी इच्छेच्या संदर्भात येते. अमेरिकेला ते बेट हवे आहे, डेन्मार्क ते सोडायला तयार नाही, चीनचा तेथील खनिजांवर डोळा आहे, अशा बातम्यांमध्ये तेथे राहणारी सुमारे ५६,५०० माणसे, त्यांची संसद, त्यांचा अर्थसंकल्प आणि त्यांची बंदरे यांचा उल्लेख क्वचितच असतो. वास्तविक बेटाचे भवितव्य ठरवणाऱ्या बहुतेक गोष्टी याच दुर्लक्षित भागात आहेत. म्हणून ग्रीनलंडविषयीची कोणतीही बातमी हाती आली की तीन गोष्टी तपासण्याची सवय लावून घ्यावी: त्या विषयावर निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार कोणाचा आहे, त्या निर्णयाचा खर्च कोणाच्या तिजोरीतून होणार आहे, आणि माणसे, माल, वीज किंवा संदेश प्रत्यक्षात त्या ठिकाणी कसे पोहोचणार आहेत. हा तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि माझ्या मते तोच सर्वांत जास्त सांगून जातो.

अधिकार कोणाचा, हे आधी पाहावे

१९५३ पर्यंत ग्रीनलंड ही डेन्मार्कची वसाहत होती. त्या वर्षीच्या डॅनिश राज्यघटनेने तिला राज्याचा भाग बनवले आणि कोपनहेगनच्या संसदेत दोन जागा दिल्या, ज्या आजही कायम आहेत. १९७९ मध्ये अंतर्गत स्वराज्य आले. त्यानंतर मासेमारीच्या हक्कांच्या प्रश्नावरून ग्रीनलंडने सार्वमत घेऊन १९८५ मध्ये युरोपीय आर्थिक समुदाय सोडला, आणि डेन्मार्क मात्र आत राहिला. आज चालू असलेली व्यवस्था २१ जून २००९ रोजी लागू झालेल्या स्वशासन कायद्याची आहे. त्याआधी नोव्हेंबर २००८ मध्ये झालेल्या सार्वमतात सुमारे ७५ टक्के मतदारांनी तिला संमती दिली होती.

या कायद्याचा आराखडा लक्षात ठेवला की निम्म्या बातम्या आपोआप उलगडतात. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, चलन, नागरिकत्व आणि सर्वोच्च न्यायालय हे विषय डेन्मार्ककडे आहेत. मासेमारी, शिक्षण, आरोग्य, कर, घरबांधणी आणि २०१० पासून खनिजसंपत्ती हे विषय नूक या राजधानीतील सरकारकडे आहेत. त्या सरकारला नालाक्केर्सुइसुत म्हणतात आणि ते ३१ सदस्यांच्या इनात्सिसार्तुत या संसदेला उत्तरदायी असते. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा गट आहे, ज्यात पोलीस, न्यायालये, तुरुंग यांसारखे विषय येतात. हे विषय ग्रीनलंड हवे तेव्हा आपल्याकडे घेऊ शकते, पण अजून घेतलेले नाहीत. त्याचे कारण कायद्यातच आहे: जो विषय ग्रीनलंड आपल्याकडे घेईल, त्याचा खर्च त्या दिवसापासून ग्रीनलंडने करायचा असतो. त्यामुळे ‘डेन्मार्कने अजून अधिकार दिलेले नाहीत’ असे कोणी लिहिले असेल, तर तो अधिकार मागितला गेला होता का, आणि तो चालवण्याचा खर्च कोण करणार होते, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

स्वातंत्र्याची तरतूद याच कायद्याच्या २१व्या कलमात आहे आणि ती बरीच स्पष्ट आहे. निर्णय ग्रीनलंडच्या जनतेने घ्यायचा, त्यानंतर दोन्ही सरकारांनी वाटाघाटी करून करार करायचा, त्या कराराला इनात्सिसार्तुतची संमती आणि ग्रीनलंडमधील सार्वमताचा कौल मिळवायचा, आणि डेन्मार्कच्या संसदेनेही त्याला मान्यता द्यायची, असा तो क्रम आहे. कायद्याच्या प्रस्तावनेत ग्रीनलंडच्या लोकांना आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार स्वयंनिर्णयाचा हक्क असलेले लोक म्हणून मान्यता दिलेली आहे. हे एक वाक्य माहीत असलेला वाचक ‘डेन्मार्क ग्रीनलंड विकेल का’ या प्रश्नावर फार वेळ घालवणार नाही, कारण ज्याची विक्री करण्याचा अधिकारच कोपनहेगनकडे नाही त्याच्या किमतीची चर्चा निरर्थक ठरते.

मग हिशेब मांडावा

ग्रीनलंडच्या तिजोरीत येणारी सर्वांत मोठी एकरकमी रक्कम म्हणजे डेन्मार्कचे वार्षिक अनुदान. कायद्याने ते २००९ च्या किमतींनुसार ३४३.९६ कोटी डॅनिश क्रोनर इतके निश्चित केले आणि दरवर्षी महागाईनुसार वाढवण्याची सोय केली. आता ते ४०० कोटी क्रोनरच्या वर गेले आहे. स्वशासित सरकारच्या उत्पन्नाचा साधारण निम्मा भाग त्यातून येतो. पोलीस, न्यायालये आणि संरक्षण यांवर डेन्मार्क स्वतः जो खर्च करतो तो यात धरलेला नाही, म्हणून अनुदानाचा आकडा आणि डेन्मार्कचा एकूण खर्च हे दोन आकडे बातमीत एकमेकांत मिसळलेले नाहीत ना, हे पाहून घ्यावे.

खनिजांच्या उत्पन्नाची वाटणी हा या हिशेबाचा सर्वांत रंजक भाग आहे, आणि तो हाताने मांडून पाहण्यासारखा आहे. कायद्यानुसार खनिजांपासून सार्वजनिक तिजोरीला मिळणाऱ्या उत्पन्नापैकी वर्षाला पहिले ७.५ कोटी क्रोनर पूर्णपणे ग्रीनलंडचे असतात. त्यापुढील रकमेच्या निम्म्याइतकी कपात डेन्मार्कच्या अनुदानात होते. समजा एखाद्या वर्षी हे उत्पन्न २७.५ कोटी क्रोनर झाले, तर ७.५ कोटी वगळून उरलेल्या २० कोटींच्या निम्मे, म्हणजे १० कोटी क्रोनर, अनुदानातून वजा होतील आणि ग्रीनलंडच्या हाती निव्वळ १७.५ कोटींची भर पडेल. हेच गणित पुढे नेले आणि अनुदान ४०० कोटी धरले, तर ते शून्यावर येण्यासाठी खनिजांचे वार्षिक उत्पन्न सुमारे ८०७ कोटी क्रोनर व्हावे लागेल. येथे उत्पन्न म्हणजे कर, स्वामित्वशुल्क आणि भागभांडवलावरचा परतावा, खाणीतून निघालेल्या मालाची किंमत नव्हे. एखाद्या साठ्याची ‘अब्जावधींची किंमत’ सांगणारी बातमी वाचताना हा फरक विसरला तर सगळाच अंदाज चुकतो. अनुदान शून्यावर आल्यास पुढील वाटणीसाठी दोन्ही सरकारांनी वाटाघाटी करायच्या, असेही कायदा सांगतो. तो दिवस अजून दूर आहे.

आज प्रत्यक्षात पैसा येतो तो समुद्रातून. ग्रीनलंडच्या मालनिर्यातीपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग मासळीचा आहे, आणि त्यातही थंड पाण्यातली कोळंबी, ग्रीनलंड हॅलिबट आणि कॉड यांचाच मोठा वाटा आहे. रॉयल ग्रीनलंड ही सर्वांत मोठी मासळी कंपनी पूर्णतः स्वशासित सरकारच्या मालकीची आहे, तर पोलर सीफूड ही तिची खासगी स्पर्धक आहे. म्हणून ग्रीनलंडच्या अर्थव्यवस्थेची नाडी पाहायची असेल तर खाणींच्या घोषणांपेक्षा कोळंबीचा वार्षिक कोटा आणि तिचा बाजारभाव पाहावा. नूक येथील निसर्गसंपत्ती संस्थेचे जीवशास्त्रज्ञ साठ्याचा अंदाज देतात, सरकार कोटा ठरवते, आणि त्या आकड्यात घट झाली की कंपनीच्या नफ्यापासून नगरपालिकेच्या करापर्यंत सर्वत्र तिचे परिणाम दिसतात. कोटा मोठ्या कंपन्यांच्या हाती किती असावा आणि छोट्या होड्यांच्या वाट्याला किती यावा, हा तेथील राजकारणातला अत्यंत जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, जरी परदेशी वृत्तपत्रांत त्याला जागा मिळत नसली तरी.

सरकारी मालकीचे जाळे याहून पुष्कळ मोठे आहे. सागरी मालवाहतूक रॉयल आर्क्टिक लाइनकडे, विमानसेवा एअर ग्रीनलंडकडे, वीज आणि पाणी नुकिस्सिओर्फीतकडे, दूरसंचार तुसासकडे, आणि लहान वस्त्यांतील किराणा दुकाने पिलेर्सुइसोक या साखळीकडे आहेत. या सर्व संस्था सार्वजनिक मालकीच्या आहेत. इतक्या विरळ लोकसंख्येत दुसरा दुकानदार किंवा दुसरी जहाज कंपनी टिकणेच कठीण असल्यामुळे ही मक्तेदारी निर्माण झाली, आणि तिचे भाडे किंवा दर ठरवणे हे उघडपणे राजकीय काम बनले. नूकमधील ग्राहकाकडून थोडे जास्त घेऊन दूरच्या वस्तीतील ग्राहकाचा खर्च किती भरून काढावा, यावरचा वाद जुना आहे. तो वाद समजून घेणारा वाचक तेथील पक्षांची भांडणे जास्त चांगली समजू शकतो.

रस्ता नसलेला किनारा

ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला साधारण ८० टक्के भाग हिमस्तराखाली आहे. वस्ती किनाऱ्यावर, मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावर आहे, आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारा रस्ता कोठेही नाही. रेल्वे नाही. दोन शहरांना जोडणारी वीजवाहिनीही जवळजवळ नाहीच. प्रत्येक शहराने आपली वीज आपणच निर्माण करायची असते. एखाद्या खाणीची बातमी वाचताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे: खाणवाल्यालाच बंदर बांधावे लागते, वीजकेंद्र उभारावे लागते, कामगारांची निवासव्यवस्था करावी लागते, आणि समुद्र गोठलेल्या महिन्यांत माल साठवून ठेवावा लागतो. साठा किती समृद्ध आहे यापेक्षा त्याच्यापाशी वर्षातले किती महिने जहाज लागू शकते, हा प्रश्न अनेकदा निर्णायक ठरतो.

विमानतळांची कथा तर या देशाच्या राजकारणाचा सारांशच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने कांगेरलुस्सुआक आणि नार्सार्सुआक येथे लष्करी धावपट्ट्या बांधल्या. हवामान आणि सपाट जमीन हे निकष होते. तेथे शहर असण्याचे कारण नव्हते. पुढे कित्येक दशके परदेशातून येणारा प्रवासी मोठ्या विमानाने कांगेरलुस्सुआकला उतरत असे आणि तेथून लहान विमानात बसून राजधानीला जात असे, कारण नूकची जुनी धावपट्टी एक किलोमीटरहूनही आखूड होती. धुके आले की दोन्ही टप्पे कोलमडत आणि प्रवासी अडकून पडत. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी नूकमध्ये २,२०० मीटरची नवी धावपट्टी सुरू झाली आणि कोपनहेगनहून थेट राजधानीत उतरणे शक्य झाले. जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या न्यूआर्कहूनही थेट विमानसेवा सुरू झाली. इलुलिस्सात येथे तितक्याच लांबीच्या, तर दक्षिणेत काकोर्तोक येथे १,५०० मीटरच्या धावपट्टीचे काम याच योजनेत हाती घेण्यात आले.

या योजनेच्या पैशाची गोष्ट मात्र काँक्रीटपेक्षा महत्त्वाची आहे. २०१८ मध्ये बांधकामासाठी निवडलेल्या संभाव्य कंत्राटदारांत चीनची एक सरकारी बांधकाम कंपनी होती. विमानतळ हा वाहतुकीचा विषय असल्याने तो नूकच्या अखत्यारीतला होता, पण त्याच्याशी संरक्षणाचा प्रश्न जोडला जाताच तो कोपनहेगनच्या आणि वॉशिंग्टनच्या टेबलावर गेला. डेन्मार्कने विमानतळ कंपनीत ३३ टक्के भाग घेण्याची आणि स्वस्त कर्ज देण्याची तयारी दाखवली. नूकच्या सरकारने ती स्वीकारली, आणि डेन्मार्कचा हात पुन्हा एका सार्वजनिक कंपनीत शिरतो आहे या आक्षेपावरून नालेराक हा पक्ष आघाडीतून बाहेर पडला. अधिकार एकाचा, पैसा दुसऱ्याचा आणि चिंता तिसऱ्याची, असा हा प्रसंग आहे. ज्याला ग्रीनलंडचे राजकारण एकाच उदाहरणातून समजून घ्यायचे असेल त्याने हेच उदाहरण घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

समुद्रमार्गाबाबत एवढे ध्यानात ठेवावे की डेन्मार्कमधील ऑलबोर हे दीर्घकाळ ग्रीनलंडच्या मालाचे मुख्य बंदर राहिले आहे. नूकमधील नवे कंटेनर बंदर २०१७ मध्ये सुरू झाले, आणि २०२० पासून आइसलँडमधील कंपनीशी झालेल्या सहकार्यामुळे माल रेक्याविकमार्गेही येतो. पूर्व किनाऱ्यावरील इत्तोक्कोर्तूर्मीतसारख्या ठिकाणी मात्र बर्फ सरकल्यावर, उन्हाळ्यातील मोजक्या आठवड्यांतच, मालवाहू जहाज पोहोचते आणि वर्षभराचा साठा तेव्हाच उतरवावा लागतो.

विजेच्या बाबतीत ग्रीनलंडने जे साधले आहे ते कौतुकास्पद आहे. १९९३ मध्ये नूकसाठी बुक्सेफ्योर्ड येथील जलविद्युत केंद्र सुरू झाले. त्यानंतर तासीलाक, काकोर्तोक आणि नार्साक, सिसिमिउत, आणि २०१३ मध्ये इलुलिस्सात यांच्यासाठी केंद्रे उभी राहिली. सार्वजनिक ऊर्जापुरवठ्याचा बराच मोठा हिस्सा आता पाण्यापासून मिळतो. उरलेली शहरे आणि बहुतेक सर्व लहान वस्त्या डिझेलवर चालतात, आणि ते डिझेल अर्थातच जहाजाने येते. दूरसंचारातही हीच दरी आहे: २००९ मध्ये टाकलेली समुद्रतळाखालील केबल नूकला आइसलँड आणि कॅनडाशी जोडते, २०१७ मध्ये तिचा विस्तार उत्तरेला आसिआतपर्यंत झाला, पण पूर्व किनारा आणि अतिउत्तर भाग उपग्रहावर अवलंबून आहेत.

जमिनीचा एक नियम येथेच सांगायला हवा. ग्रीनलंडमध्ये जमिनीची खासगी मालकी नसते. घर आपले असू शकते, पण ज्या जागेवर ते उभे आहे ती जागा वापरण्याचा हक्क अर्ज करून प्रशासनाकडून मिळवावा लागतो. त्यामुळे कोणी ‘ग्रीनलंडमध्ये जमीन घेतली’ असे वाचनात आले तर ते वाक्य चुकीचे आहे असे समजावे. खाणकामाचा परवानाही उत्खननाचा हक्क देतो, भूमीचा नाही.

खनिजांची बातमी आणि निवडणूक एकत्र वाचावी

दक्षिणेतील नार्साक या छोट्या शहराजवळ कुआन्नेर्सुइत नावाचा डोंगर आहे. त्यात दुर्मिळ मृदा खनिजांचा मोठा साठा आहे, आणि त्याच खडकात युरेनियमही आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये इनात्सिसार्तुतने युरेनियमवरील जुनी बंदी १५ विरुद्ध १४ मतांनी, म्हणजे एका मताने, उठवली. एप्रिल २०२१ च्या निवडणुकीत हीच खाण मुख्य मुद्दा ठरली. तिला विरोध करणारा इनुइत अताकातिगीत पक्ष जिंकला, मुटे एगेडे पंतप्रधान झाले, आणि त्या वर्षाअखेर नवा कायदा आला, ज्यानुसार दर दशलक्ष भागांत १०० भागांहून अधिक युरेनियम असलेल्या साठ्यांवर खाणकाम करता येत नाही. त्याच वर्षी सरकारने तेलाच्या शोधासाठी नवे परवाने देणेही थांबवले. कुआन्नेर्सुइतच्या परवानाधारक कंपनीने युरेनियमच्या बंदीविरुद्ध लवादाचा मार्ग धरला. नार्साकमध्ये मेंढपाळ आहेत, मच्छीमार आहेत, आणि रोजगाराअभावी शहर सोडून जाणारी तरुण मुलेही आहेत. खाणीच्या बाजूने आणि विरोधात उभे राहणारे लोक एकाच गल्लीत राहतात. म्हणून ‘ग्रीनलंडला खाणी हव्यात’ किंवा ‘नकोत’ असे सरसकट विधान करणाऱ्या लेखाकडे सावधपणे पाहावे. युरेनियम नसलेल्या खाणींना बहुतेक पक्षांचा पाठिंबा आहे.

स्वातंत्र्याबाबतही असेच सरसकटीकरण होते. ११ मार्च २०२५ च्या निवडणुकीत देमोक्रातीत पक्षाला सुमारे ३० टक्के मते आणि १० जागा मिळाल्या, नालेराकला ८, इनुइत अताकातिगीतला ७, सिउमुतला ४ आणि अतास्सुतला २. येन्स-फ्रेडरिक नील्सन पंतप्रधान झाले आणि नालेराक वगळता बाकीचे तीनही पक्ष देमोक्रातीतबरोबर त्यांच्या आघाडीत सामील झाले. नालेराक २१व्या कलमाची प्रक्रिया लवकर सुरू करू इच्छितो; देमोक्रातीतचे म्हणणे असे की आधी स्वतःच्या पायावर उभी राहणारी अर्थव्यवस्था हवी; अतास्सुत डेन्मार्कशी असलेले नाते जपण्याच्या बाजूचा आहे. मतभेद मुख्यतः वेगाचा आणि मार्गाचा आहे, आणि तो वर मांडलेल्या अनुदानाच्या हिशेबाशी थेट जोडलेला आहे.

तरीही केवळ हिशेबावर थांबणे अन्यायाचे होईल. १९५१ मध्ये २२ मुलांना त्यांच्या घरांतून उचलून डेन्मार्कला नेण्यात आले. १९५३ मध्ये अमेरिकेच्या तळासाठी अतिउत्तरेतील इनुघुइत या मूळ रहिवाशांच्या कुटुंबांना कानाक येथे हलवण्यात आले. १९६० आणि १९७० च्या दशकांत हजारो स्त्रियांना आणि अल्पवयीन मुलींना, अनेकदा त्यांच्या माहितीशिवाय, गर्भनिरोधक साधने बसवण्यात आली. त्याबद्दल डेन्मार्कच्या पंतप्रधान मेट्टे फ्रेडरिक्सन यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये नूकला येऊन क्षमा मागितली. ज्या कुटुंबांनी हे सोसले त्यांच्यासाठी स्वातंत्र्याचा प्रश्न क्रोनरमध्ये मोजण्याचा नाही, आणि तेथील भाषणांत जो राग ऐकू येतो त्याचा उगम या घटनांत आहे.

अमेरिकेविषयीच्या बातम्यांसाठी १९५१ चा संरक्षण करार माहीत असावा. त्यानुसार अमेरिकेला ग्रीनलंडमध्ये लष्करी तळ चालवता येतात, आणि २००४ च्या दुरुस्तीने नूकच्या सरकारलाही त्यात स्थान दिले. आज पितुफ्फिक हा एकच तळ सक्रिय आहे. म्हणजे सुरक्षेसाठी अमेरिकेला बेटाची मालकी हवी, हा युक्तिवाद वाचताना करारात आधीच काय उपलब्ध आहे हे ताडून पाहावे. जानेवारी २०२५ मध्ये ग्रीनलंडमध्ये झालेल्या जनमत चाचणीत ८५ टक्के लोकांनी अमेरिकेचा भाग होण्यास नकार दिला होता आणि केवळ ६ टक्के अनुकूल होते. पितुफ्फिक तळाच्या देखभालीचे कंत्राट २०१४ मध्ये अमेरिकी मालकीच्या कंपनीकडे गेले तेव्हा ग्रीनलंडला करउत्पन्न आणि नोकऱ्या दोन्ही गमवाव्या लागल्या, आणि ते कंत्राट परत मिळेपर्यंत २०२२ उजाडले. नूकमध्ये अमेरिकेवरचा विश्वास मोजताना लोक या कंत्राटाची आठवण काढतात.

नियमितपणे लक्ष ठेवायचे असेल तर के. एन. आर. ही सार्वजनिक प्रसारण संस्था आणि सेर्मित्सिआक हे वृत्तपत्र पाहावे. त्यांचा मजकूर कलाल्लिसुत या ग्रीनलंडच्या भाषेबरोबर डॅनिशमध्येही असतो, त्यामुळे यंत्राने केलेल्या भाषांतरावरूनही विषय कळतो. आकड्यांसाठी ग्रीनलंडचे सांख्यिकी कार्यालय विश्वसनीय आहे. इनात्सिसार्तुतची अधिवेशने वसंतात आणि शरदात भरतात, आणि पुढील वर्षाचा वित्तीय कायदा शरद अधिवेशनात संमत होतो. एखाद्या बंदराची, वीजकेंद्राची किंवा रुग्णालयाची घोषणा वाचली की त्या कायद्यात तिच्यासाठी रक्कम ठेवली आहे का, आणि ती कोणत्या वर्षांत विभागली आहे, हे तेथे शोधावे.